औषधाआधीचं पथ्य

आत्याने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आणि त्या एकतीस वर्षांत तिच्या आवाजाला कुणी नावं ठेवली नाहीत. उलट लोक नंबर मागायचा विसरून तिच्याशीच बोलत बसायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं, की या बाईंच्या आवाजात मध आहे. तो मधाळ आवाज घेऊन आत्या धाकट्या भावाच्या घरी राहायला आली, आणि घरातल्या पाच वर्षांच्या भाचीने तो ऐकल्याबरोबर दोन्ही कानांवर हात ठेवले.

याला आता दोन वर्षं झाली होती. हात काही खाली आले नव्हते.

भाचीला घरात मुंगी म्हणत, कारण हाताला लागेल ती वस्तू ती रांगेत लावायची. चमचे, चपला, पेन्सिली, एकदा तर पाहुण्यांचे मोबाइल. स्वमग्नता आहे असं निदान ती तीन वर्षांची असतानाच झालं होतं. हाक मारली तर ती वळून बघेलच असं नाही. मिक्सर लागला की पलंगाखाली. शब्द म्हणाल तर तीसेक, आणि त्यातले निम्मे बापाच्या नोकरीतले. बाप वजनमापे निरीक्षक होता, म्हणजे दुकानोदुकानी फिरून काटे तपासायचे आणि खोट्या काट्याला सील ठोकायचं. संध्याकाळी तो पितळी वजनांची पेटी पुसायला बसला की मुंगी शेजारी येऊन सगळ्यात मोठ्यापासून सगळ्यात छोट्यापर्यंत वजनं मांडायची. काट्याच्या पायाशी एक बुडबुडा असतो, तो वर्तुळाच्या मधोमध आला तरच काटा सरळ उभा आहे असं समजायचं. त्या बुडबुड्याकडे ती अर्धा अर्धा तास बघत बसे. ‘जड’, ‘हलकं’, ‘सरळ’, ‘वाकडा’ हे तिला यायचं. ‘आई’ मात्र तिने अजून म्हटलं नव्हतं.

आईला ते फार लागायचं. ती केकच्या दुकानात सजावटीचं काम करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांची नावं क्रीमने लिहायची, आणि घरी येऊन स्वतःच्या मुलीच्या तोंडाकडे बघत बसायची. एक दिवस तिला फोनवर एक जाहिरात दिसली. त्यात एक न बोलणारा मुलगा होता. त्याला स्टेम सेल दिल्या आणि तो माइकसमोर उभा राहून बोलायला लागला. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, तिच्यातल्या मूलपेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या कण्यात सुईने परत सोडायच्या. पी हळद आणि हो गोरी!

मुलांच्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे बघा, प्रयोग चालू आहेत. पण याने स्वमग्नता कमी होते हे अजून सिद्ध झालेलं नाही. ज्यांना फरक पडला म्हणतात, ती मुलं त्याच काळात शिकवणीलाही जात असतात, वयानेही वाढत असतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आणि भूल द्यायची, पाठीत सुई घालायची, हा काही खेळ नाही.”

आईने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि घरी येऊन क्लिनिकची वेळ ठरवली. बापाला शंका होत्याच, पण बायकोची आशा तागडीत घालायची त्याची छाती झाली नाही. रोज दहा दुकानदारांशी हुज्जत घालणारा हा माणूस घरात मात्र मूग गिळून बसला.

आत्या मनापासून उपचाराच्या बाजूने होती. तिचं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. मुंगीने एकदा तरी कानांवरचे हात काढून आपल्याला ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. सगळ्या गावाने ऐकलेला आवाज, आणि घरातल्याच पोरीला तो नको, याचं तिला खरोखर रडू यायचं.

पहिल्या भेटीआधी क्लिनिकने एक फॉर्म पाठवला. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. हाक मारल्यावर बघते का, आवाजाचा त्रास होतो का, एकच गोष्ट परत परत करते का. जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. दिवसभर मुलाजवळ असणाऱ्या माणसाने भरायचा होता, म्हणजे आत्याने. तिने पेन्सिलीने भरला, पेनाने गिरवला आणि बेरीज तीनदा केली. चौऱ्याहत्तर आले.

गुडघा दुखत होता म्हणून भेटीच्या दिवशी आत्या घरीच राहिली. दुपारी तिघं परत आली ती लढाई हरून आल्यासारखी. मुंगीचे डोळे सुजलेले, कोपरात कापसाचा बोळा आणि वर चिकटपट्टी.

“झालं?” आत्याने दारातच विचारलं.

“झालं बाई एकदाचं. चौघींनी धरावं लागलं,” आई म्हणाली आणि आत जाऊन पडली. बाप फाइल टेबलावर टाकून तसाच बाजारात तपासणीला गेला.

झालं होतं ते फक्त रक्त काढून. खरा उपचार सहा आठवड्यांनी होता. पण हे आत्याला कोण सांगणार? मुलीसमोर या विषयावर बोलायचं नाही, असं नवरा-बायकोने ठरवलं होतं. आणि आत्याने स्वतः विचारणं शक्यच नव्हतं. एक्स्चेंजमध्ये तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की लाइन जोडली की आपण बाजूला व्हायचं, दोघांच्या मध्ये कान घालायचा नाही. बोलायला ती कितीही बोले, पण खोदून विचारणं तिच्या रक्तात नव्हतं. पेशी सुईने सोडतात, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. तिने चिकटपट्टी बघितली, फाइलमधला सगळ्यात वरचा कागद बघितला आणि लाइन जोडून टाकली.

त्या कागदावर ठळक लिहिलं होतं, ‘उपचारानंतरचे नव्वद दिवस : पालकांसाठी सूचना.’

हळू आवाजात बोला. एका वेळी एकच प्रश्न विचारा. उत्तरासाठी मनात दहा मोजा, तोवर काही बोलू नका. डोळ्यांत बघण्याचा आग्रह नको. मोठे आवाज टाळा, टाळता येत नसतील तर आधी सांगा. रोजची कामं ठरलेल्या वेळी करा.

आत्या ताठ बसली. म्हणजे पथ्य होतं तर! आत्याच्या लेखी औषध हे निम्मंच असतं, उरलेलं निम्मं पथ्यात. तिच्या नवऱ्याचं पोट औषधाने बरं झालं नव्हतं, तिच्या पहाऱ्याने झालं होतं, असं ती आजही शपथेवर सांगते. आता इतक्या कष्टाने पोरीच्या अंगात नव्या पेशी सोडल्या, आणि घरातल्या बडबडीने त्या वाया गेल्या तर? तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली परीक्षा झाली.

“मुंगी, दूध की पाणी?”

एरवी आत्या हा प्रश्न विचारून, त्याचं उत्तर देऊन, दूध ओतून, दुधाचे फायदे सांगून मोकळी झालेली असायची. आज ती गप्प राहिली. मनातल्या मनात मोजताना तिची गाडी तीनावरून एकदम आठावर जायला लागली, म्हणून तिने गुडघ्यावर बोटं टेकवून मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चौथ्याला तिच्या ओठांवर ‘दूधच घे’ आलं होतं, ते तिने गिळलं. सहाव्याला घशात खाज सुटली. नवव्या बोटाला मुंगी पेल्याकडे बघत म्हणाली, “पाणी.”

दोन वर्षं तिला रोज सकाळी दूध पाजत होते! आत्याने पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले. ‘पेशी लागू पडल्या,’ ती ओट्याला म्हणाली.

मग तिने पथ्याचा धडाकाच लावला. मिक्सर लावायच्या आधी ती मुंगीसमोर जाऊन हळूच सांगे, “आता घर्र होणार. मी दहा मोजणार, मग बंद.” पहिल्या दिवशी मुंगी पलंगाखाली गेली. आठवड्याने दाराआड उभी राहिली. तिसऱ्या आठवड्यात कानांवर हात ठेवून, पण स्वयंपाकघरातच उभी राहून, आत्याच्या गुडघ्यावरची बोटं बघायला लागली. दहाव्या बोटाला मिक्सर बंद व्हायचाच. आत्या वेळेला पक्की होती, एक्स्चेंजची होती.

घरातल्या इतर दोघांना मात्र काही कळेना. जेवताना शेजारणीची खबर नाही, एक्स्चेंजच्या आठवणी नाहीत, मिठाबद्दल मत नाही.

“ताई रुसल्यात का हो?” आई कुजबुजली.

“बहुतेक.”

“विचारा ना.”

“वेड लागलंय का? विचारलं तर बोलायला लागेल.”

तेव्हा कुणी विचारलं नाही. असे सहा आठवडे गेले. आत्याला ते सोपे गेले असं समजू नका. एकदा तर ती गच्चीवर गेली आणि वाळत घातलेल्या चादरींशी पाऊण तास बोलून आली. पण पाचव्या आठवड्यात एका दुपारी ती खिडकीशी मटार सोलत बसली होती, तेव्हा मुंगी आली, शेजारी बसली आणि दाणे रांगेत लावायला लागली. आत्याने अगदी खालच्या आवाजात एक्स्चेंजची एक जुनी गंमत सांगायला घेतली. एक वाक्य झालं की थांबायची, मग पुढचं. गंमत संपली तरी मुंगीचे दोन्ही हात मटारांतच होते. कानांकडे गेलेच नाहीत. त्या रात्री आत्याला आनंदाने जेवण गेलं नाही, आणि आईला वाटलं, रुसवा वाढला.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी बाप म्हणाला, “सोमवारी क्लिनिकला जायचंय. ताई, तूही चल. फॉर्म परत भरायचाय, ज्याने आधी भरला त्यानेच.”

तपासायला बोलावलं असणार, आत्याने ओळखलं. बापाने मुंगीचे दोन फ्रॉक आणि उशी बॅगेत भरली, तेव्हा तिला वाटलं, लांबचा रस्ता, वाटेत सांडलं-लवंडलं तर असू दे.

क्लिनिक मोठं चकाचक होतं. भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो, प्रत्येकाखाली एक आकडा. नर्सने मुंगीला वजनाच्या काट्यावर उभं राहायला सांगितलं. मुंगी जवळ गेली, खाली वाकली, उकिडवी बसली आणि काट्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

“चल, उभी राहा बाळ. चल चल, पटकन!”

मुंगी हलली नाही. “वाकडा,” ती म्हणाली.

नर्सने कागदावर लिहिलं, ‘सूचना पाळत नाही.’ बापाने गुडघ्यावर बसून पाहिलं. बुडबुडा वर्तुळाच्या बाहेर जाऊन काठाला चिकटला होता.

“काटा खरंच वाकडा आहे. एका पायाखाली काहीतरी घाला.”

“एवढ्या तेवढ्याने काय होतंय, साहेब?”

“वजन बघून भूल देणार ना तुम्ही?” बाप म्हणाला. त्याचा आवाज दुकानात होतो तसा झाला होता. नर्सने गुपचूप कागदाची घडी करून पायाखाली सरकवली. बुडबुडा मधोमध आल्यावर मुंगी आपण होऊन काट्यावर चढली. ‘भूल’ या शब्दाने आत्या जरा चपापली, पण तिने कान घातला नाही.

मग समुपदेशक बाईंच्या खोलीत आत्याने फॉर्म भरला. पेन्सिलीने, मग पेनाने, मग तीनदा बेरीज. बाईंनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“चौऱ्याहत्तरवरून बावन्न! बावीस गुणांची सुधारणा, तीही सहा आठवड्यांत! अभिनंदन!” त्यांनी खणातून कॅमेरा काढला. “आईबाबा, दोन्ही बाजूंना बसा. भिंतीवर लावू या. बघितलंत ना मूलपेशींचा गुण?”

आत्या फुलून गेली. पण भाऊ आणि वहिनी एकमेकांकडे बघत होते.

“बाई,” बाप सावकाश म्हणाला, “उपचार अजून झालेला नाही. आज व्हायचाय.”

बाईंनी फाइल उघडली. उपचाराचं पान कोरं होतं. कॅमेरा तसाच हातात राहिला.

“काय व्हायचंय?” आत्याने विचारलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिने मध्ये तोंड घातलं. “सुई तर तेव्हाच टोचली ना? मी पट्टी बघितली की!”

“ते रक्त काढलं होतं, ताई. तपासायला.”

आत्याने वाकून फाइलमधलं कोरं पान स्वतः बघितलं. तोवर बाई सावरल्या होत्या.

“मग तर छानच! उपचाराआधी एवढा फरक, तर उपचारानंतर किती पडेल, विचार करा!”

बाप उठून उभा राहिला. सहा आठवडे गिळलेले मूग एकदम बाहेर आले. “मी एखाद्या दुकानात गेलो आणि पारड्यात काही नसताना काटा बावीस दाखवत असला, तर मी तिथे पुढे वजन करत बसत नाही. सील ठोकतो. पहिल्या दिवशीच सुई दिली असती तर हे बावीसच्या बावीस तुम्ही सुईच्या नावावर घातले असते, आणि आम्ही आनंदाने फोटो काढला असता.”

“कावळा तर बसलाच नाही,” आत्या पुटपुटली, “आणि फांदी मोडली.”

“ताई, पण तू केलंस काय एवढे दिवस?”

आत्याने पर्समधून घडी पडून विरलेला कागद काढला. “मी काय करणार? पथ्य पाळलं. मला वाटलं, औषध पोटात आहे.”

आईने तो कागद वाचला. एकदा वाचला, परत वाचला. “हे तर शाळेतल्या बाईंनी आपल्याला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. शब्दाला शब्द.”

“ते नुसतं सांगणं होतं गं,” आत्या म्हणाली. “पथ्य आहे म्हणाल्या असत्या, तर तेव्हाच पाळलं असतं!”

बापाला हसू आलं. आईला आलं नाही. ती कागद मांडीवर ठेवून म्हणाली, “मला वाटलं होतं, आज सुई घेतली की महिन्या-दोन महिन्यांत मला आई म्हणेल.” मग ती उठली. “आम्ही जरा बाहेर बसतो.”

बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होता. चौघं ओळीने बसली, मोठ्यापासून छोट्यापर्यंत, कारण मुंगीने त्यांना तसंच बसवलं. बॅग आईच्या पायाशी होती. आत परत जायचं की नाही, हे तिच्यावर होतं, आणि ते तिघांनाही माहीत होतं. आत्याला बोलायचं होतं. सहा आठवड्यांचं साठलेलं सगळं, आणि वर हेही की मी मूर्ख ठरले, पण माझी पोर माझ्याजवळ बसली, ते काही खोटं नव्हतं. तिने बोलण्यासाठी श्वास घेतला, वहिनीचा चेहरा पाहिला आणि श्वास तसाच सोडून दिला.

आई मुंगीकडे वळली. कागदावर लिहिलं होतं तसा आवाज तिने खाली आणला.

“मुंगी, परत आत जायचं?”

हा प्रश्न मुंगीला आजवर कुणी विचारला नव्हता. आईने दोन क्षण वाट पाहिली. मग नेहमीसारखं तिचं तोंड उघडलं, मुलीच्या वतीने उत्तर द्यायला. तेवढ्यात मुंगीने आईकडे न बघता आपला हात उचलला आणि आईच्या गुडघ्यावर एक बोट टेकवलं. मग दुसरं. मग तिसरं.

आत्याने ते मोजणं ओळखलं. तिच्याच गुडघ्यावरचं होतं ते. थांब म्हणत होती पोर. आई तोंड उघडं ठेवून थांबली. पाच बोटं झाली, मुंगीने दुसरा हात घेतला. सातव्याला आत्याच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं आणि तिने दातांनी जीभ धरली. आठ. नऊ. दहावं बोट टेकलं आणि तसंच राहिलं.

“नको,” मुंगी म्हणाली. मग थोडं थांबून, नीट समजावून सांगावं तसं, “काटा वाकडा.”

आईने ती दहा बोटं दोन्ही हातांत धरली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. “नाही जायचं,” ती म्हणाली. “तुला नको, तर नाही जायचं.” बापाने खाली वाकून बॅग उचलली.

“बघा! मी म्हणत नव्हते!” आत्या ओरडली. एकतीस वर्षांचा आणि वर सहा आठवड्यांचा आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमला.

मुंगीने पटकन हात सोडवून कानांवर ठेवले.

आत्या गप्प झाली. तिने स्वतःच्या गुडघ्यावर पहिलं बोट टेकवलं आणि मोजायला लागली. मुंगी कोपरं वर करून त्या बोटांकडे बघत होती.